मरळीच्या शेपट्या

माझ्याकडे माशांच्या शेपट्यांचे जेवढे फोटो आहेत, तेवढे अख्ख्या विदर्भात कोणाकडे नसतील. लावा पैज. कुठे अर्धी शेपटी, कुठे शेपटीचा नुसता धूसर पट्टा, कुठे शेपूटही निघून गेल्यावर मागे राहिलेलं हिरवं पाणी. मासा तोंड दाखवतो तेव्हा आपलं बोट बटणावर नसतं, आणि बोट बटणावर गेलं की तो वळलेला असतो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी कोणाचंच ऐकत नाही, असं माझी माय म्हणायची आणि नवरा अजून म्हणतो.

त्यात मी पोटापाण्यासाठी फोटोच काढते. सावंगीला, दवाखान्यात. लग्नाचे नाही, रोगाचे. ऑपरेशनच्या आधीची गाठ, ऑपरेशननंतरची जागा, भाजलेला हात, भरत आलेली जखम. डॉक्टरांना शिकवायला ते लागतात. माझी गिऱ्हाईकं हलत नाहीत. गाठ कधी कॅमेरा पाहून पळून गेली नाही. दिवा लावा, अंतर मोजा, बटण दाबा, झालं. त्यामुळे आपल्याला फोटो काढता येतात असा माझा पक्का समज होता. तो एका मरळीने मोडला.

आमचं गाव अल्लीपूरच्या पुढे, फाट्यावरून आत. शेतात आमची विहीर आहे, दगडी कठड्याची, कडुनिंबाच्या सावलीला. भाऊ दिवसभर हिंगणघाटला कामाला असतो. शेत आणि बाबा, दोन्ही वहिनीच सांभाळते. बाबा ऐंशीच्या पुढचे. पाय थकलेत, पण जीभ शाबूत आहे. रविवारी मी वर्ध्याहून एसटीने जाते आणि बाबांना धरून विहिरीपर्यंत नेते, कारण त्यांना दिवसातून एकदा विहिरीत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही.

पाऊस ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. पाण्यावर काहीतरी लाल हलत होतं, कोणीतरी तिखट सांडावं तसं. मी म्हटलं, शेवाळ आलं का काय. बाबा हसले.

"मरळीची पिल्लं होत ते. खाली माय-बाप राखण करत असतीन."

मग बराच वेळ ते कठड्यावर हात टेकून पाहत राहिले. आणि म्हणाले, "वरून तं मी हे जन्मभर पाह्यलं. खालून कसं दिसत असन वं?"

बस. एवढंच. कोणी मला काही करायला सांगितलं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पाहायचं आहे म्हटलं, आणि ज्या पोरीचा धंदाच फोटो काढण्याचा, तिने मान हलवून चहा प्यायला जायचं? मी नाही जात. पुढच्याच आठवड्यात पाण्यात चालणारा एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. खोक्यावर निळ्या समुद्रात पोहणारी हसरी बाई होती. आमच्या विहिरीचं पाणी निळं नाही आणि मला धड पोहता येत नाही, पण ते खोक्यावर कुठे लिहितात.

विहिरीत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. खाली ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक कडुनिंबाच्या बुंध्याला, आणि मधला दोर वहिनीच्या हातात. मी जुन्या पंजाबी ड्रेसवर, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, पोटावर ट्यूबवर आडवी, तोंड आणि दोन्ही हात पाण्यात. वहिनी वरून विचारते, "बाई, फोटो काढून राह्यली का धुणं?"

पहिल्या रविवारी काय मिळालं? काही नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ऊन पडलं की तिथे फक्त माझंच तोंड दिसायचं. पाण्यात घालायच्या चष्म्याला माझा वाचायचा नंबर नाही, म्हणजे पडदा दिसला तरी त्यातलं दिसत नाही. बटण दाबलं की हा कॅमेरा आधी विचार करतो. साहेबाची सही आणायला गेलेल्या बाबूसारखा आत जातो, थांबतो, मागेपुढे करतो, आणि मग टिक् करतो. तोवर मरळ विहिरीच्या दुसऱ्या टोकाला. वरून पाण्यात मासा जिथे दिसतो तिथे तो नसतो, हे शाळेत शिकले होते. पण पाण्याच्या आतही, त्या चष्म्यातून, सगळं जवळचं आणि मोठं वाटतं हे कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं मासा हातभर अंतरावर आहे. फोटोत तो बोटभर निघायचा. आणि स्पष्ट काय यायचं? मासा सोडून सगळं. पाण्यात तरंगणारा कण, निंबाचं पान, माझाच अंगठा.

दुसऱ्या खेपेला मोटार आडवी आली. आमच्याकडे शेतीची लाइन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. मी नेमकी दिवसाच्या पाळीत गेले. पाणी जरा स्थिर झालं, मरळ वर येऊ लागली, आणि शेजारच्या खांबावर दिवा लागला. आमची मोटार आपोआप सुरू होते. तळाचा सगळा गाळ वर आला. वहिनी धावली, बटण बंद केलं, पण गाळ काही बटणाने खाली बसत नाही. त्या दिवसापासून मी रात्रीच्या पाळीचा आठवडा बघून यायला लागले. दवाखान्यात सुटी मागताना साहेब म्हणायचे, "मॅडम, लग्न आहे का घरी?" मी म्हणायचे, "नाही सर, लाइन रात्रीची आहे." त्यांना काय कळायचं ते कळो.

त्यानंतर आम्ही जे केलं ते आमच्यासारख्याच लोकांनी करावं. पाऊस जाऊनही पाणी थोडं गढूळ होतं. वहिनी म्हणाली, "तुरटी फिरवू ना, त्यात काय." मलाही ते एकदम पटलं! पावसाळ्यात आमच्या घरी गुंडभर, म्हणजे हंडाभर, पाण्यात तुरटी फिरवूनच पाणी प्यायचो. सकाळी पाणी कसं काचेसारखं. म्हटलं, गुंडाला लहान खडा, विहिरीला मोठा. फडक्यात तुरटीचे खडे बांधले, दोरीला लावले, आणि आम्ही दोघी, दोन शहाण्या बाया, कठड्याभोवती फिरत फिरत अख्खी विहीर ढवळत बसलो. बाबा खाटेवरून पाहत होते. म्हणाले, "माह्या मासोयायले औषध देऊन राह्यल्या का?"

तुरटी पाण्यातली घाण गोळा करते, पण ती घाण खाली बसायला वेळ घेते. तोवर तिचे कापसासारखे पांढरे पुंजके पाण्यात तरंगत राहतात. वरून ते दिसत नाहीत. मी उतरले, उजेड कमी म्हणून फ्लॅश लावला, आणि मरळ समोर आली तेव्हा धडाधड फोटो घेतले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर जिनिंगमध्ये कापूस उडतो तसं सगळं पांढरं. फ्लॅशचा उजेड एकेका पुंजक्यावर आपटून माझ्याकडेच परत आलेला. मध्ये कुठेतरी एक काळसर छटा, तीच मरळ असावी. मरळीला काही झालं नाही, ती वर येऊन हवा घेते, चिवट जात. पण माझं डोकं असं फिरलं की दोन दिवस वहिनीशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, कारण मी वर्ध्याला होते.

हे सगळे फोटो मी पुसले नाहीत. लोक पुसतात. मला तो खोटेपणा वाटतो. दवाखान्यातही ऑपरेशननंतर जखम बिघडली तर तिचाही फोटो ठेवावा लागतो, फक्त बऱ्या झालेल्या जखमांनी कोणी डॉक्टर होत नाही.

पण आता मला ईर्ष्या चढली होती. मी विचार करायला लागले की मरळीच्या मागे धावण्यात काही अर्थ नाही. तिच्या घरात ती माझ्यापेक्षा वेगाने हलणारच. पण एक गोष्ट तिला टाळता येत नाही. तिला हवेसाठी वर यावं लागतं, आणि पिल्लं जिथे, तिथूनच ती वर येणार. म्हणजे मी कुठे असायचं ते पिल्लं सांगणार. मग मी निंबाची एक काडी दोरीला बांधून पाण्यात सोडली, हातभर अंतरावर. कॅमेऱ्याची नजर त्या काडीवर बसवली आणि तिथेच कुलूपबंद केली. आता बाबूला आत जाऊन विचार करायचं काम नाही. फ्लॅश बंद. ऊन विहिरीत दुपारी थोडाच वेळ सरळ उतरतं, तेवढ्यातच काम. आणि सगळा हिरवा रंग येत होता, त्यावर उपाय म्हणून वहिनीची पांढरी बशी पाण्यात धरून कॅमेऱ्याला दाखवली, की बाबा रे, पांढरं म्हणजे हे. वहिनी म्हणाली, "बशी फुटली तं नवी आणजो."

दसऱ्याला आमची सगळी वस्ती नागपूरला जाते. दीक्षाभूमीवर. गाड्या पहाटेच भरून निघतात. मी लहानपणापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्या वर्षी बाबांना प्रवास झेपणार नव्हता. म्हटलं, मी थांबते त्यांच्यापाशी. वहिनी, भाऊ, सगळे गेले. शिवारात माणूस नाही, मोटार नाही, रात्रीची पाळी, आठ दिवस पाऊस नाही, तुरटीचं पांढरं सगळं तळाला बसलेलं. पाणी असं की वरून काठी टाकली तर शेवटपर्यंत दिसावी. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाय. दोर झाडाले आहेच. मी नुस्ता हात ठेवतो."

ऐंशी वर्षांच्या बापाच्या हातात दोर देऊन विहिरीत उतरणारी मी, आणि काठावर दोरावर हात ठेवून बसलेला बाप, आमच्या दोघांच्याही डोक्यात तेव्हा काय होतं देव जाणे. म्हणजे देव आम्ही मानत नाही, पण म्हणायची सवय गेली नाही.

मी पडून राहिले. हलायचं नाही, श्वासासाठी तोंड वर काढायचं तेही हळू. पाठीला ऊन, पोटाला गार. पिल्लं आली. जवळून ती तिखटासारखी नाहीत, एकेक वेगळं, तांबूस, डोळे मोठे, सगळी मिळून एकाच बाजूला वळतात. काडीच्या पलीकडे खालून एक डोकं वर आलं, सापासारखं चपटं. मी बटण दाबून ठेवलं. ती पिल्लांच्या मधून वर गेली, पिल्लांनी तिला वाट दिली, तिने हवा घेतली, परत येताना क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पाहिलंच. मी जरा जरी हलले असते तर माझ्यावर धावून आली असती. मला भीती वाटली, आणि भीतीत बोट निघालं नाही, म्हणून फोटो आला.

वर येऊन बाबांना त्या छोट्या पडद्यावर दाखवला. मी हाताने सावली धरली. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ.

"हे आपल्या विहिरीतलं होय?"

"हाव बाबा."

"एवढं चांगलं आहे आपलं पाणी?"

मासा राहिला बाजूला. ते पाणी पाहत होते. मला रडू आलं, आणि ओल्या कपड्यात रडायला बरं असतं, कोणाला कळत नाही.

वर्ध्याला निसर्गवाल्यांचं एक मंडळ आहे. हिवाळ्यात एका शाळेच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन भरवतात, निवड झालेल्या प्रत्येकाला फोटो लावायला एक बोर्ड देतात. मी हा फोटो पाठवला. खाली लिहिलं, मरळ आणि पिल्लं, आमची विहीर. निवड झाल्याचं कळलं, बोर्डही मिळाला. बाबांनी गावात झेंड्याजवळच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगून टाकलं, की आपल्या विहिरीचा फोटो वर्ध्याला लागून राह्यला. ज्याला त्याला सांगितलं. किराणा दुकानात सांगितलं, कंडक्टरला सांगितलं.

आणि मग परीक्षकांचा फोन आला. कॉलेजातून निवृत्त झालेले सर, प्राणीशास्त्र शिकवायचे. माणूस उद्धट नाही, तेच तर दुखणं. उद्धट असता तर मी फोनवरच हिशोब चुकता केला असता.

"मॅडम, फोटो फार सुंदर आहे. पण हा एआयने केलेला दिसतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आजकाल सगळेच करतात. आपण तो कल्पक विभागात लावू."

"सर, मी विहिरीत उतरून काढलाय."

"खेड्यातल्या विहिरीत इतकं नितळ पाणी? आणि मरळ अशी समोर येऊन थांबते? अहो, मी आयुष्यभर मासे पाहिलेत."

"बरणीतले, सर. ते थांबतातच."

 मग ते म्हणाले, "कोणी पाहिलं का तुम्हाला फोटो काढताना?"

"माझे वडील होते."

"घरचं माणूस सोडून?"

"दसरा होता, सर. सगळी वस्ती नागपूरला गेलती."

मी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेले. मूळ फाइल दाखवली. सरांनी चष्मा लावला, काढला, म्हणाले, "यातलं मला काही कळत नाही. तेही बनवता येत असेल." चहा दिला, बिस्किटं दिली. खोटं ठरवलेल्या बाईला बिस्किटं! मी खाल्ली नाहीत.

माझा राग फोटोचा नव्हता. फोटोला कोणी वाईट म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण ते पाणी खोटं म्हणत होते. आमच्या आज्याच्या काळी आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता. आज्याने आणि त्याच्या भावांनी ही विहीर स्वतः खोदली, उन्हाळाभर, मुरूम लागला, मग खडक लागला, तरी खोदली. माझे बाबा तेव्हा पोर होते, टोपल्या उचलायचे. त्या विहिरीचं पाणी इतकं चांगलं असूच शकत नाही, हे मला बिस्किटांच्या बशीसमोर बसून ऐकायचं होतं?

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. लपवून काय करू.  ते म्हणाले, "मंग मी गावात काय सांगू?"

फोटो कल्पक विभागात लावला तर गाव म्हणणार, म्हाताऱ्याच्या पोरीने कम्प्युटरवर चित्र काढलं. काढून घेतला तर म्हणणार, बघा, पकडली गेली. नवीन फोटो काढावा तर मरळीची पिल्लं आता मोठी होऊन पांगली होती, आणि मरळ काही माझ्या इभ्रतीसाठी पुन्हा अंडी घालणार नव्हती.

दोन दिवस कामावर मी नुसती दिवा लावत, अंतर मोजत, बटण दाबत राहिले. तिसऱ्या दिवशी एका पेशंटच्या पायाचे फोटो घेत होते. जखम बिघडलेली, वास येणारी. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "मॅडम, हा नको ना, हा खराब दिसतो." मी म्हटलं, "खराब दिसतो म्हणूनच खरा आहे, बाळा." आणि माझ्याच तोंडून ते ऐकून मी जागच्या जागी थांबले.

संध्याकाळी कार्ड घेऊन मी फोटो स्टुडिओत गेले. पासपोर्ट साइज आणि लग्नाचे अल्बम करणारं दुकान. शेपट्या निवडल्या. माझा अंगठा निवडला. गाळाचं वादळ, निंबाचं पान, दोरीला बांधलेली काडी, तुरटीचा कापूस, नुसतं हिरवं पाणी. स्टुडिओवाला पडद्याकडे आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"मॅडम, यात मासाच नाही."

"माहीत आहे."

"मग कायचा काढू फोटो?"

"मासा गेल्याचा. मोठ्या साइजमध्ये काढ."

प्रदर्शनाच्या सकाळी मी माझा बोर्ड भरला. मंडळाचा कार्यकर्ता धावत आला, म्हणाला हे नियमात बसत नाही. मी विचारलं, कोणत्या नियमात? फोटो माझे, जागा मला दिलेली, विषय निसर्ग. मासा पळणं याहून नैसर्गिक काय असतं? तो सरांना फोन लावायला बाहेर गेला आणि परत आलाच नाही. बोर्डाच्या वर मी लिहिलं, आमच्या विहिरीतलं पाणी. मधली एक जागा, चांगल्या फोटोच्या मापाची, रिकामी ठेवली.

डाव्या हाताला वाघ होते, उजव्या हाताला पक्षी. सगळे स्पष्ट, सगळे रुबाबदार. माझ्या बोर्डासमोर लोक आधी हसायचे. कॉलेजची पोरं म्हणाली, "काकू, हे तर आमच्यासारखेच फोटो निघाले." मी म्हटलं, हो ना, मग सांगा कुठे चुकलं. ती थांबली, बोटं लावून पाहायला लागली. एकाने ओळखलं की कॅमेरा उशिरा उडतोय. एकीने विचारलं, काडी कशाला बांधली. दुपारी सेलूकडच्या काही बाया आल्या, बचतगटाच्या. त्यातली एक तुरटीच्या फोटोसमोर उभी राहिली आणि दुसरीला म्हणाली, "हे तं तुरटी आहे वं. खाली बसू नाई दिली."

दुसरी म्हणाली, "विहिरीत टाकली का बापा? एवढी कायले टाकली?"

मी म्हटलं, "माझ्या वहिनीला विचारा." पण मला त्या दोघींना मिठी मारावीशी वाटली. त्यांना एआयचं काही माहीत नव्हतं आणि त्यांनी मला एकही पुरावा मागितला नव्हता. त्यांना ते पाणी ओळखू आलं, कारण तसं पाणी त्यांनीही बिघडवलं होतं.

चारच्या सुमारास वहिनी बाबांना घेऊन आली. एसटीने, मग ऑटोने. बाबांनी पांढरं धोतर नेसलं होतं, कोट घातला होता. ते बोर्डासमोर आले, एकेक फोटो पाहिला, आणि मधल्या रिकाम्या जागेशी थांबले.

"आपला तो कुठी आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सर आले. बहुतेक बराच वेळ मागे उभे असावेत, बायांचं बोलणं त्यांनीही ऐकलं असावं. तुरटीचा फोटो त्यांनी अगदी जवळून पाहिला. मग शेपट्या पाहिल्या, मग गाळ. वळले तेव्हा चेहरा उतरला होता. मी म्हणते, माणूस वाईट नाही.

"मॅडम, चूक माझी झाली. हे असं कोणी बनवणार नाही. तुम्ही तो फोटो आत्ता घेऊन या, याच जागी लावू. मी स्वतः जाहीर करतो."

फोटो माझ्या पिशवीत होता. मोठा छापलेला, कागदात गुंडाळलेला. मी तो सकाळपासून खांद्यावर वागवत होते. काढायचा आणि टांगायचा, एवढंच. गावाला उत्तर मिळालं असतं, सरांना समाधान मिळालं असतं, आणि मंडळाने फुलं दिली असती. पण माझा हात पिशवीकडे जाईना. मला आठवण झाली की हा फोटो आजही तोच आहे जो पहिल्या दिवशी होता. पाणी तेच, मरळ तीच, बाई तीच. बदलला फक्त सरांचा विश्वास, आणि तो यायला माझ्या सगळ्या फजितीची जाहिरात भिंतीवर लावावी लागली. वाघवाल्याला कोणी विचारलं नव्हतं, की तुझा वाघ खरा कशावरून.

"नाही सर," मी म्हटलं. "तेव्हा माझा शब्द घेतला नाही, आता फोटोही घेऊ नका."

पण विहीर माझी एकटीची नाही. गावात तोंड बाबांना दाखवायचं होतं. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "बाबा, फोटो पिशवीत आहे. तुम्ही म्हणाल तसं. लावू म्हणाल तर लावते."

बाबांनी पिशवीकडे पाहिलं. त्यांना तो फोटो तिथे, सगळ्यांसमोर लागलेला पाहायचा होता, ते मला ठाऊक होतं. कोट त्यासाठीच घातला होता. वहिनी काही बोलणार होती, मी तिचा हात धरला. बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, सरांना नमस्कार केला आणि अगदी सावकाश, पाहुण्याशी बोलावं तसं बोलले.

"साहेब, फोटो इथं नाई लागत. तुम्हाले पाह्यचा असन तं आमच्या विहिरीवर या. आमच्या विहिरीवर याले कोणाले मनाई नाई."

सर हो म्हणाले. नक्की येतो म्हणाले, रस्ता विचारून घेतला. बाबा रोज कठड्याशी बसतात. सर अजून आलेले नाहीत.